पुढचा ब्रेक पुन्हा पुन्हा मऊ पडतो : हवा काढत बसण्याआधी करायचा तपास

मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलींच्या पुढच्या ब्रेकबाबत एक तक्रार ठरावीक क्रमाने येते. लिव्हर मऊ लागू लागतो आणि जोराने दाबला तर जवळजवळ मुठीला टेकतो. मग नवे ब्रेक ऑइल भरून नळ्यांत अडकलेली हवा काढली जाते, दोन-चार दिवस ब्रेक उत्तम लागतो, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच लिव्हर पुन्हा मूळ पदावर येतो. त्यावर उपाय म्हणून पुन्हा हवाच काढली जाते. माझ्या हजार सीसीच्या मोटारसायकलवर मी हे चक्र तीनदा पूर्ण केले, आणि चौथ्या वेळी ऑइलची बाटली उघडण्याऐवजी मोजपट्टी हातात घेतली तेव्हा कुठे दोष सापडला. तो हवेचा नव्हताच. हवा हे मऊपणाचे सर्वांत सामान्य कारण आहे यात शंका नाही, परंतु ती एकदा नीट निघाल्यावर बंद प्रणालीत आपोआप परत येत नसते. ती परत येत असेल तर कुठून येते, आणि येत नसेल तर लिव्हरची चाल दुसरे कोण खाते, हे शोधल्याशिवाय हा त्रास थांबत नाही.

मऊ ब्रेक आणि कमजोर ब्रेक

या दोन तक्रारी एकाच वाक्यात सांगितल्या जातात, पण त्यांची कारणे वेगळी असतात आणि त्या एकत्र धरल्या की तपास पहिल्याच पायरीवर भरकटतो. लिव्हर लांबवर येतो, स्प्रिंगसारखा परत ढकलतो, पण पुरेसा दाबल्यावर चाक व्यवस्थित थांबते, हा मऊपणा होय. येथे दाब तयार होतो, मात्र तो तयार होईपर्यंत बरीच चाल वाया जाते. उलट लिव्हर थोड्याच अंतरात दगडासारखा कडक होतो आणि तरीही मोटारसायकल थांबायला तयार नसते, तेव्हा दाब डिस्कला घासून चाक थांबवणाऱ्या पॅडपर्यंत पोहोचलेला असतो आणि दोष पॅड, डिस्क किंवा मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळच्या, ऑइल पुढे ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) मापात असतो. अशा ब्रेकची हवा कितीही वेळा काढली तरी काडीचाही फरक पडत नाही. दोन्ही तक्रारी एकाच वेळी असू शकतात. तसे असेल तर आधी मऊपणा दूर करावा आणि मग उरलेला कमजोरपणा पाहावा.

लिव्हर मुठीला टेकत असेल तर ती मोटारसायकल रस्त्यावर नेऊ नये, एवढे एकदाच सांगून पुढे जातो.

चालीचे गणित

मऊपणा कुठून येतो हे कळण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो, आणि तो कठीण नाही. मास्टर सिलिंडरचा पिस्टन १९ मिमी व्यासाचा आहे असे धरू. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८४ चौरस मिमी भरते. पुढे चाकाजवळ पॅड डिस्कवर दाबणारे दोन कॅलिपर, प्रत्येकात ३२ मिमीचे चार पिस्टन, म्हणजे आठ पिस्टनांचे मिळून सुमारे ६,४३० चौरस मिमी. आता हे आठही पिस्टन नेहमीपेक्षा फक्त ०.१ मिमी, म्हणजे जाडसर कागदाच्या जाडीइतकेच, जास्त मागे सरकले असतील, तर ते पुन्हा पॅडला टेकवण्यासाठी ६४३ घन मिमी ऑइल पुढे ढकलावे लागते. त्यासाठी मास्टर सिलिंडरचा पिस्टन सुमारे २.३ मिमी सरकतो. बोटांचे टोक त्या पिस्टनच्या पाच ते सहा पट चालते, म्हणून लिव्हरवर हाच फरक ११ ते १४ मिमी होऊन दिसतो. डोळ्यांना न दिसणारी एक दशांश मिलिमीटरची फट हाताला एवढी मोठी जाणवते, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की मऊ ब्रेक म्हणजे हवाच, ही समजूत आपोआप सैल होते.

हवेचाही हिशेब असाच मांडता येतो. नळीत १ मिलिलिटर हवा अडकली असेल, तर दाब वातावरणाच्या दसपट होईपर्यंत ती आकसून एक दशांश होते, म्हणजे ०.९ मिलिलिटर जागा ऑइलने भरावी लागते. लिव्हरवर हे नुकसान १६ ते १९ मिमी इतके पडते. हे लक्षात घेण्याजोगे आहे की बोटांनी ५ किलोचा जोर लावला तरी या मापाच्या मास्टर सिलिंडरमध्ये जवळपास एवढा दाब तयार होतो. म्हणजेच हवेने खाल्लेली बहुतेक चाल सुरुवातीच्या हलक्या दाबातच संपते आणि त्यानंतर लिव्हर बऱ्यापैकी घट्ट होतो. जुन्या रबरी नळ्यांचे फुगणे, कॅलिपरचे किंचित फाकणे, वाकलेल्या पॅडचे सपाट होणे यांचा स्वभाव याच्या उलट आहे. जोर वाढवत जावा तशी त्यांची चाल वाढत जाते.

मोजणी

या फरकाचा उपयोग करून घ्यायचा तर अंदाजावर भागत नाही. आकड्याचा स्प्रिंगकाटा लिव्हरच्या टोकाजवळ अडकवावा, मुठीच्या दिशेने आधी ५ किलो आणि मग १५ किलो ओढ लावावी, आणि दोन्ही वेळा लिव्हर व मूठ यांमधील अंतर मोजून लिहून ठेवावे. काटा दरवेळी लिव्हरच्या त्याच जागी अडकवणे महत्त्वाचे आहे, अन्यथा आकड्यांची तुलना करता येत नाही. मोकळ्या स्थितीपासून ५ किलोपर्यंतच फार चाल जात असेल तर हवा, मागे सरकणारे पिस्टन किंवा लिव्हरचीच ढिलाई यांपैकी काहीतरी आहे. ५ ते १५ किलोंमध्ये जास्त जात असेल तर काहीतरी फुगते किंवा वाकते आहे. माझ्या गाडीवर १५ किलोला २४ मिमी अंतर उरत होते, आणि हरवलेली चाल जवळजवळ सगळी पहिल्या पाच किलोंत होती.

याला जोडून पंप करण्याची चाचणी करावी, आणि ती नेहमीपेक्षा जरा धीराने करावी. लिव्हर दोन-तीनदा झटपट दाबल्यावर वर येतो, म्हणजे कमी चालीत घट्ट लागतो, हे सर्वांनाच ठाऊक असते. पण त्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई केली जाते. झटपट दाबताना कॅलिपरकडून ऑइल पुरते परतण्याआधीच मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या छोट्या टाकीतून जादा ऑइल पुढे जाते, म्हणून हवा असो वा पिस्टन मागे सरकत असोत, दोन्ही प्रकारांत लिव्हर वर येणारच. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. लिव्हर सोडून मोटारसायकल जागची न हलवता एक मिनिट थांबावे आणि पुन्हा दाबावे. लिव्हर परत लांबवर आला तर हवा किंवा पिस्टनचे मागे सरकणे. लिव्हर अजूनही वरच लागला, पण थोडे अंतर चालवून आल्यावर पुन्हा पहिली दाब रिकामी गेली, तर फिरणारी डिस्क पॅडना मागे ढकलते आहे. या दुसऱ्या प्रकारात डिस्कची वाक, तरंगत्या (मधल्या भागाला बटणांनी किंचित सैल जोडलेल्या) डिस्कच्या बटणांतील ढिलाई आणि चाकाचे बेअरिंग तपासावे. डिस्कच्या वाकेची मर्यादा अनेक मोटारसायकलींच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ०.३ मिमीच्या आसपास दिलेली असते, आणि ती डायल गेजशिवाय, म्हणजे सूक्ष्म अंतर काट्यावर दाखवणाऱ्या मापकाशिवाय, मोजता येत नाही.

सर्वांत आधी पाहण्याची गोष्ट मात्र याहून साधी आहे. लिव्हरच्या खिळीचे भोक झिजून अंडाकृती झाले असेल किंवा नंतर बसवलेल्या लिव्हरचे टोक पिस्टनपर्यंत नीट पोहोचत नसेल, तर चार-पाच मिलिमीटर चाल तिथेच जाते. हे पाहायला एक मिनिट लागते आणि ते बहुतेक जण विसरतात. उलट, असा लिव्हर पिस्टनला कायम थोडा दाबून धरत असेल तर ऑइल परत जाण्याचे छिद्र झाकले जाते, ब्रेक तापत जातो आणि काही अंतरानंतर चाक आपोआप जखडू लागते. म्हणून लिव्हरला अगदी थोडी मोकळी चाल असलीच पाहिजे.

लिव्हर रात्रभर बांधून ठेवणे

हा उपाय इतका प्रचलित आहे की त्याबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. लिव्हर दाबून पट्टीने मुठीला बांधायचा आणि सकाळी सोडायचा. सकाळी ब्रेक कडक लागतो. यात जादू नाही. दाबाखाली बारीक बुडबुडे आकसतात, भिंतीला चिकटलेले सुटतात, वरच्या दिशेने सरकतात आणि लिव्हर सोडताच मास्टर सिलिंडरजवळ जमलेली हवा टाकीत निघून जाते. परंतु हवेचा काही भाग दाबामुळे ऑइलमध्ये विरघळतो, आणि तो भाग कुठेही जात नाही. दाब गेल्यावर आणि ऑइल तापल्यावर तो हळूहळू पुन्हा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. ‘आठवडाभर बरा होता’ या वाक्यामागे बऱ्याचदा एवढेच असते. बांधून ठेवण्याने फायदा झाला तर हवा होती, असे निदान म्हणून या उपायाकडे पाहावे. दुरुस्ती म्हणून नव्हे. रात्रभरात लिव्हर बांधणीतून आणखी आत सरकला असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील दाब धरत नाही.

एकेक भाग बंद करत जाणे

मोजणीने संशय कुठे घ्यायचा ते कळते, पण खात्री होते ती प्रणालीचा एकेक भाग तोडून पाहिल्याने. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून करावी. तेथील बॅन्जो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) काढून त्याजागी त्याच आट्यांचा भरीव बोल्ट नव्या तांब्याच्या वॉशरसह बसवावा. जपानी मोटारसायकलींवर बहुधा १० मिमी व्यास आणि १.२५ मिमी अंतराचे आटे असतात, तर ब्रेम्बो कंपनीच्या मास्टर सिलिंडरवर त्याच व्यासाचे पण १ मिमी अंतराचे असतात. चुकीचा बोल्टही पहिला एक फेरा सहज जातो आणि मग ॲल्युमिनियमचे आटे खलास करतो, तेव्हा हाताने पूर्ण बसत नसेल तर पान्याने जोर लावू नये. बोल्ट बसवताना सिलिंडरच्या तोंडाशी ऑइल काठोकाठ असावे आणि उरलीसुरली हवा लिव्हरच्या अगदी छोट्या हालचालींनी टाकीतून बाहेर जाऊ द्यावी. आता लिव्हर अत्यल्प चालीनंतर भिंतीला दाबल्यासारखा घट्ट लागला पाहिजे आणि मिनिटभर धरून ठेवला तरी जागचा हलता कामा नये. हलकेहलके आत येत असेल तर दोष मास्टर सिलिंडरमध्येच आहे. बाहेर एक थेंबही गळत नसला तरी झिजलेल्या सीलच्या कडेवरून ऑइल मागे जाते.

मास्टर सिलिंडरबाबत आणखी दोन गोष्टी. जुन्या सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जेवढा सरकतो तेवढाच भाग गुळगुळीत राहतो, त्यापुढे गंजाचे खडबडीत कडे तयार होते. हवा काढताना लिव्हर मुठीपर्यंत दाबला की सील प्रथमच त्या कड्यावरून जाते आणि फाटते. चांगला चाललेला ब्रेक हवा काढल्यानंतरच बिघडला, या तक्रारीमागे हे कारण असू शकते. अशा गाडीवर लिव्हरखाली लाकडाचा तुकडा ठेवून चाल मर्यादित करावी. दुसरी गोष्ट टाकीच्या तळाशी असलेल्या सुईच्या टोकाएवढ्या परतीच्या छिद्राची. पांढरट चिखलाने ते बुजले की बुडबुडे वर येऊ शकत नाहीत आणि तापलेल्या ऑइललाही परतायला वाट राहत नाही. लिव्हर किंचित हलवल्यावर टाकीत ऑइलचे बारीक कारंजे दिसले तर छिद्र उघडे आहे असे समजावे.

हवा बाहेरून न शिरता आतच तयार होऊ शकते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१३ सालचे आहे. सुझुकीने जीएसएक्स-आर मालिकेतील ६००, ७५० आणि १००० सीसीच्या मोटारसायकली पुढच्या मास्टर सिलिंडरसाठी परत बोलावल्या; एकट्या अमेरिकेत त्यांची संख्या २ लाख १० हजारांच्या घरात होती. ऑइल वर्षानुवर्षे न बदलल्याने त्यात पाणी मुरत होते, पिस्टन जस्ताच्या मिश्रधातूचा होता आणि त्याच्या पृष्ठभागावरील प्रक्रिया सगळीकडे सारखी नव्हती. परिणामी पिस्टन गंजून वायू तयार होई, आणि टाकीकडचे छिद्र सिलिंडरच्या बाजूला असल्यामुळे तो वायू त्या छिद्राच्या वरच्या पोकळीत साचत जाई. अशा गाडीची हवा काढली तर ब्रेक खरोखर सुधारतो, पण गंजणे चालूच असल्यामुळे वायू पुन्हा जमतो. वारंवार येणाऱ्या मऊपणाचे याहून स्वच्छ स्पष्टीकरण मला माहीत नाही. त्या मालिकेतील आणि त्या काळातील मोटारसायकल असेल तर मास्टर सिलिंडर बदलला गेला आहे की नाही, हे सर्वांत आधी तपासावे.

मास्टर सिलिंडर निर्दोष ठरला की नळ्यांकडे वळावे. साध्या रबरी नळ्या योग्य चिमट्याने चिमटून एकेक बाजू बंद करता येते. पोलादी जाळीच्या नळ्या मात्र कधीही चिमटू नयेत, कारण आतला टेफ्लॉनचा थर दुमडून कायमचा चिरतो. नळ्या जुन्या असतील, वाकवल्यावर त्यांवर भेगा दिसत असतील, तर त्यांची चाचणी घेत बसण्यापेक्षा त्या बदलणेच बरे. उजव्या कॅलिपरमधून मडगार्डवरून उडी मारून डाव्या कॅलिपरकडे जाणारी नळी असेल, तर त्या कमानीच्या माथ्यावर हवा हमखास अडकते. ती खाली येत नाही आणि वरही जाऊ शकत नाही. कॅलिपर सोडवून ती कमान मोकळी करून हलवल्याशिवाय तेथील बुडबुडा निघत नाही.

एबीएस (ब्रेक लावताना चाक जखडू न देणारी प्रणाली) असलेल्या गाडीत हँडलपासून निघालेल्या नळ्या आधी नियंत्रक पेटीत जातात आणि तेथून चाकाकडे परततात. त्या पेटीतील झडपा एरवी बंद असलेल्या कप्प्यांत हवा धरून ठेवू शकतात, आणि ती काढण्यासाठी निदान यंत्राने झडपा उघड-बंद कराव्या लागतात. पेटी कोरडी पडू दिली नसेल तर सहसा ही वेळ येत नाही.

कॅलिपर : बहुतेक वेळा येथेच

माझा दोष येथे होता, आणि इतरांच्या गाड्यांवर काम करतानाही मला तो सर्वाधिक वेळा येथेच आढळला आहे. कॅलिपरच्या पिस्टनला मागे आणणारी स्प्रिंग नसते. चौकोनी छेदाचे रबरी सील पिस्टनबरोबर किंचित पुढे पिळले जाते आणि दाब गेल्यावर आपल्या मूळ आकाराला येताना पिस्टनला तेवढेच मागे ओढते. पॅड झिजत जातो तसा पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि फट कायम तेवढीच राहते. पिस्टनच्या उघड्या भागावर ब्रेकची काळी धूळ घट्ट बसली, किंवा सीलच्या खाचेत ॲल्युमिनियमचा पांढरा गंज साचून सील आवळले गेले, की पिस्टन सीलमधून घसरत नाही; तो सीलला जास्त पिळतो आणि सुटल्यावर जास्त मागे जातो. वर काढलेला ०.१ मिमीचा हिशेब येथे लागू होतो. पॅड डिस्कपासून दूर राहतो, लिव्हरची पहिली चाल रिकामी जाते, आणि हवा काढताना पिस्टन थोडे हलल्यामुळे दोन-चार दिवस बरे वाटते.

याची चाचणी सोपी आहे. टाकीतील थोडे ऑइल काढून घ्यावे, म्हणजे ते उतू जाणार नाही; कॅलिपर डिस्कवरून उतरवावा, पॅड काढावेत, पिस्टन स्वच्छ करून पूर्ण आत ढकलावेत आणि समोरासमोरच्या पिस्टनांमध्ये लाकडाची सपाट फळी घट्ट बसेल अशी घालावी. दोन्ही कॅलिपर असे अडकवल्यावर लिव्हर दाबावा. आता तो कडक लागला तर प्रणालीत हवा नाही, पिस्टन मागे सरकत होते. तरीही मऊ लागला तर हवा किंवा नळ्या. माझ्या गाडीवर या क्षणी लिव्हर कडक झाला, आणि तीन वेळा वापरलेल्या ऑइलच्या बाटल्या आठवून थोडे ओशाळल्यासारखे झाले.

पिस्टन स्वच्छ करताना ते एका वेळी एक असे ५ ते ८ मिमी बाहेर आणावेत, बाकीचे बोटांनी किंवा पट्टीने धरून ठेवावेत. पिस्टन पूर्ण बाहेर पडला तर काम वाढते, म्हणून पॅडच्या जाडीचा अंदाज ठेवावा. दात घासण्याचा मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी किंवा ब्रेक क्लीनर पुरेसे असते. पिस्टनची मागची बाजूही दिसावी यासाठी तो हाताने फिरवत जावे. स्वच्छ झालेल्या पिस्टनवर ब्रेक ऑइलचा किंवा रबरासाठीच्या लाल ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा, आणि तो अंगठ्यांच्या जोराने सरळ आत गेला पाहिजे. काही पिस्टन सहज जातात आणि काही पान्याच्या टेकूशिवाय हलत नाहीत, असे आढळले तर घाण वरवरची नाही. सील काढून त्यांच्या खाचा खरवडून स्वच्छ कराव्या लागतील आणि नवी सीले घालावी लागतील. घाणीने माखलेले पिस्टन न पुसता आत ढकलणे ही नवे पॅड बसवताना केली जाणारी सर्वांत सामान्य चूक आहे, आणि नवे पॅड घातल्यावर ब्रेक मऊ झाला ही तक्रार बहुधा तिच्याच पोटी जन्मते.

पॅडकडेही येथेच पाहून घ्यावे. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असा पाचरीसारखा झिजलेला पॅड डिस्कला आधी एका कडेने टेकतो आणि मग वाकत सपाट होतो. ५ ते १५ किलोंमधली चाल त्यामुळे वाढते.

हवा काढावीच लागली तर

पिस्टन पूर्ण आत ढकललेले असताना हवा काढावी, कारण त्यांच्या मागे पोकळी कमी उरते आणि बुडबुड्यांना लपायला जागा राहत नाही. निपल, म्हणजे हवा बाहेर सोडण्याचा छोटा पोकळ स्क्रू, कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला असले पाहिजे. हे उघड वाटते, पण डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल करून बसवलेला असला की निपल खाली जाते आणि त्या गाडीची हवा जन्मात निघत नाही. मास्टर सिलिंडरला स्वतःचे निपल असेल तर सुरुवात आणि शेवट तेथेच करावा. नसेल तर हँडल असे वळवावे की बॅन्जोचा जोड टाकीच्या छिद्रापेक्षा किंचित खाली राहील, आणि मग लिव्हर केवळ काही मिलिमीटर, टिचकी मारल्यासारखा, पुष्कळदा हलवावा. टाकीत एकेक बुडबुडा फुटताना दिसतो. या कंटाळवाण्या पाच-दहा मिनिटांत जे साधते ते बाटलीभर ऑइल खालून काढूनही साधत नाही, कारण नळीच्या वरच्या टोकाची हवा खाली ढकलणे म्हणजे तिला तिच्या स्वभावाविरुद्ध नेणे आहे.

पोकळी निर्माण करून ऑइल ओढणाऱ्या पंपाने काम झटपट होते, मात्र निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवाही ओढली जाते आणि पारदर्शक नळीत बुडबुडे संपतच नाहीत. ते आतले आहेत असे समजून माणूस तासभर फसतो. बॅन्जोचे वॉशर दर वेळी नवे घालावेत आणि बोल्ट त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरावीक जोरानेच) आवळावेत.

ऑइलविषयी. नाव ऑइल असले तरी डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रतींची ब्रेक ऑइले ही तेले नव्हेत, ग्लायकॉल जातीची द्रव्ये आहेत. इंजिन ऑइल, पेट्रोल किंवा साधे ग्रीस त्यांच्या संपर्कातील रबराला लागले तर सीले फुगतात आणि सगळी प्रणाली उलगडावी लागते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअस आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५ अंश असावा लागतो, डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. उतारावर किंवा ट्रॅकवर ब्रेक तापल्यानंतरच लिव्हर मऊ पडत असेल आणि थंड झाल्यावर सुधारत असेल, तर ऑइल उकळते आहे आणि ते बदलण्याशिवाय दुसरा उपाय नाही. सकाळी थंड गाडीवरच लिव्हर मऊ असेल तर उकळण्याचा काही संबंध नाही. डॉट ५ हे नाव ५.१ च्या शेजारचे वाटते, पण ते सिलिकोनचे असते, ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही आणि हवा अधिक धरून ठेवते. ते चुकून भरले गेले असेल तर मऊपणाचे कारण तेच समजावे. ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा.

लिव्हर कडक, तरी थांबत नाही

मऊपणा गेला आणि ब्रेक तरीही कमजोर असेल तर पहिला संशय पॅडवर घ्यावा. पुढच्या शॉकचे सील गळून खाली उतरलेले ऑइल किंवा साखळीला मारलेला फवारा पॅडमध्ये मुरला असेल, तर असे पॅड टाकून द्यावेत. भाजून किंवा धुऊन ते पूर्ववत होत नाहीत, आणि शॉकचे सील न बदलता नवे घातले तर त्यांचीही तीच गत होते. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर सपाट फरशीवर पॉलिशपेपर ठेवून तो थर काढता येतो. पॅडची जात बदलली असेल तर डिस्कवर बसलेला जुना थरही उतरवावा आणि डिस्कच्या कडेवर कोरलेली किमान जाडी मोजून पाहावी. नवे पॅड बसल्यावर दहा-पंधरा वेळा मध्यम वेगावरून हळू वेगापर्यंत ब्रेक लावावा, पूर्ण थांबू नये आणि तापलेले पॅड डिस्कवर दाबून धरून उभे राहू नये.

मास्टर सिलिंडर बदललेला असेल तर त्याचे माप पाहावे. १६ मिमीच्या पिस्टनपेक्षा १९ मिमीच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ४१ टक्क्यांनी जास्त असते. म्हणजे मोठा सिलिंडर बसवल्यावर लिव्हर आखूड आणि कडक होतो, पण त्याच जोराने मिळणारा दाब जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. रेडियल (पिस्टन हँडलला काटकोनात असलेल्या) सिलिंडरवर १९×१८ किंवा १९×२० असे लिहिलेले असते. दुसरा आकडा लिव्हरची खीळ आणि पिस्टन दाबणारा बिंदू यांमधील अंतराचा, आणि तो जितका मोठा तितका बोटांना जोर जास्त लावावा लागतो. मऊपणावर उपाय म्हणून मोठा सिलिंडर घालणारे पुष्कळ आहेत. चालीचा दोष त्याने झाकला जातो, आणि गाडी थांबवायला आधीपेक्षा जास्त ताकद लागू लागते.

सर्व जोडणी झाल्यावर आधी मोटारसायकल हाताने ढकलून ब्रेक लावून पाहावा, मग मोकळ्या जागी चालण्याच्या वेगाने. बॅन्जो आणि निपल कोरड्या कागदाने पुसून कागदावर ओल येते का ते बघावे. त्यानंतर स्प्रिंगकाट्याची मोजणी पुन्हा करून आकडे लिहावेत, आणि तीच मोजणी पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना, त्याच जागी काटा अडकवून परत करावी. माझ्या गाडीवर १५ किलोला आता ३८ मिमी अंतर उरते. पंधरा दिवसांनी ते ३८ होते आणि तीन महिन्यांनी ३७.